पाचदाच हलवायचं

"त्या मानसाला एकदा सांगून कळत न्हाई. मी पयल्याच दिवशी म्हनलं हुतं, महेंद्र, हा रक्त काढनारा आपल्या उरावर बसनार. बग, आला. तिसऱ्यांदी आला."

आक्काबाई हे काही हळू बोलत नव्हती. श्रीमंत अंगणात मोटारसायकल लावत होता, आणि त्याला शब्द न् शब्द ऐकू जाईल अशा बेतानंच तिनं आवाज चढवला होता. शुक्रवार होता, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. महेंद्रचा टेम्पो दारात उभा. सात शेळ्या, दोन बोकड वर चढवलेले, आठवी शेळी पाय रोवून बसलेली. ऐन घाईत हा माणूस दारात.

श्रीमंत पन्नाशीचा, किडकिडीत. गळ्यात कायम ती चौकोनी पिशवी. घोडेगावात हायवेला लागून त्याची एक खोली होती. त्यात एक खुर्ची, एक टेबल आणि एक छोटा फ्रिज. तपासायची यंत्रं सगळी नगरच्या लॅबमध्ये. श्रीमंतचं काम एवढंच, की वस्त्यावस्त्यांवर फिरायचं, लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, रक्त काढायचं आणि नगरला धाडायचं. बावीस वर्षं तो हेच करत होता.

"जय भीम, आक्का."

"जय भीम. रक्त मिळनार न्हाई."

"अजून मी काही मागितलंच नाही."

"तू काय माझी खुशाली पुसायला आलास व्हय? दोनदा काढलंस. माझी सून म्हंजी काय बोअर हाय का रं, आला की उपसा सुरू? नाव श्रीमंत, आन् धंदा गरिबाचं रक्त काढायचा."

महेंद्र हसला. आईनं बघितल्यावर शेळी ओढायला लागला.

अश्विनी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. दिवाळीपासून ती अशीच टेकून बसायची. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामानं अंथरूण ओलं, आणि भाकरी दोन घास खाल्ली की पोट भरलं म्हणायची. आक्काबाईनं आधी तिला कामचुकार ठरवलं. चारचौघींत तसं बोलूनही दाखवलं. मग अश्विनीच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, तेव्हा आक्काबाईचं तोंड बंद झालं. घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंनी टायफॉइड नाही, कावीळ नाही म्हणून सांगितलं, थोडं रक्त कमी आहे म्हणाल्या, आणि तपासण्यांचा लांबलचक कागद लिहून दिला. तिथून श्रीमंत मागं लागला.

पहिल्या खेपेला त्यानं वस्तीवर येऊन रक्त नेलं. रिपोर्ट आला त्यात एलडीएच नावाचा एक आकडा होता. असायला हवा अडीचशेच्या आत. आला होता साडेअकराशे. खाली नगरच्या लॅबनं शेरा मारला होता: नमुना प्रवासात खराब झाला असावा, पुन्हा पाठवा. ह्या भागातल्या रस्त्यांनी रक्त हादरतं, हादरलं की फुटतं, आणि फुटलं की तो आकडा खोटाच वर जातो. हे तिथं सगळ्यांना इतकं पाठ होतं, की ह्या बाजूच्या कागदावर तो शेरा न वाचताच बसायचा.

दुसऱ्या खेपेला श्रीमंतचा नगरला जाणारा माणूस आजारी होता. आक्काबाई त्याच दिवशी टेम्पोतून शेळ्या घेऊन नगरला निघाली होती. ती म्हणाली, आन हिकडं, मी देते नेऊन. आणि नेऊन दिलंही.

"आक्का, एक विचारायचंय," श्रीमंत आता म्हणाला. "त्या दिवशी नळी तुम्ही नेली कशी?"

आक्काबाईला हा प्रश्न आवडला. कुणीतरी हे विचारावं असं तिला आठ दिवस वाटत होतं.

"कशी म्हंजी? हातात धरून. मला काय कळत न्हाई व्हय? तू रक्त काढल्यावर नळी पाच बारी खालीवर केलीस, ते मी बगितलं हुतं. म्हनलं, गोठू नये म्हनून करत आसंल. मग मी हितून हालवत निघाले ते पार इमामपूरचा घाट उतरून नगर येईपर्यंत हालवत हुते. ह्यो हात दुखला की ह्यो. रक्ताचा एक ठिपका गोठू दिला न्हाई!"

श्रीमंत ओट्याच्या पायरीवर खाली बसला. दोन्ही हात डोक्याला लावले.

"काय झालं रं?"

"आक्का, त्या नळीतलं रक्त गोठायलाच पाहिजे. गोठलं की वर पिवळं पाणी सुटतं. तपासायचं असतं ते पाणी. पाचदाच हलवायचं आणि उभं ठेवून द्यायचं. तुम्ही दीड तास घुसळलं. लॅबवाल्यांनी फोन करून मला विचारलं, हे रक्त आहे का डाळिंबाचा रस."

टेम्पोजवळ महेंद्र मोठ्यानं हसला, आणि ओट्यावर अश्विनीसुद्धा, किती दिवसांनी, तोंडाला पदर लावून हसली. आक्काबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सदुसष्ट वर्षांत तिला कुणी असं भर अंगणात उघडं पाडलं नव्हतं.

"मग तवाच तोंडानं सांगायचं ना! तोंडात काय मिठाची गुळनी धरली हुती?"

"माझी चूक झाली. जपून न्या एवढंच म्हणालो. सांगायला हवं होतं."

तो असं सरळ कबूल झाला, तशी तिला भांडायला जागा उरली नाही. म्हणून ती जास्तच चिडली.

"झालं तर मग. आकडा खोटा. दोन्ही बारीला खोटा. जा आता. सुनेला मी आळिवाची खीर घालते, येईल रक्त."

श्रीमंत उठला नाही.

"दुसऱ्यांदा खोटा होता. पहिल्यांदा नव्हता. पहिली नळी मी स्वतः नगरला नेली होती. यंत्रात फिरवून काढली तेव्हा तिथं उभा होतो. वरचं पाणी करडईच्या तेलासारखं स्वच्छ पिवळं होतं. फुटलेल्या रक्ताचं पाणी लालसर दिसतं. आणखी एक आहे. युरिक ॲसिडचा आकडाही वर होता. तो हादरल्यानं वाढत नाही."

"मग तिथल्या लोकांला दिसलं न्हाई?"

"त्यांच्यापुढं दिवसाला चारशे नळ्या येतात. मी फक्त अश्विनीताईंची बघत होतो." तो अश्विनीकडं वळला. "ह्या वेळी रक्ताला प्रवास नको, ताई. तुम्हीच नगरला चला. तिथल्या खुर्चीत बसा, तिथंच काढू, तिथंच फिरवू. मग तो आकडा खोटा म्हणायची कुणाची छाती नाही."

"आज बाजार हाय," आक्काबाई म्हणाली.

"माहीत आहे."

"फुडल्या आठवड्यात बगू."

"नाही, आक्का. आज."

"आरं, पन कामून? तुझ्या बापाचं काय जातंय?"

श्रीमंतनं पिशवीचा पट्टा उगाच नीट केला. मग पायरीकडं बघत, कुणाला तरी पत्ता सांगावा तशा आवाजात बोलला.

"अकरा वर्षं झाली. कांगोणीकडचा एक जण होता, शाळेत शिपाई. त्याच्या रिपोर्टवर असाच शेरा आला. मी त्याला सांगितलं, पुन्हा रक्त द्यावं लागेल. तो म्हणाला, शाळा सुटली की येतो. मी म्हणालो, बरं. एकदा सांगितलं. एकदाच. पाच महिन्यांनी स्टँडवर चहा प्यायला थांबलो, तर समोर दशक्रियेचा फ्लेक्स. फोटोत गडी हसत होता. रक्ताचाच कॅन्सर होता म्हणाले."

आठवी शेळी महेंद्रच्या हातातून सुटली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

आक्काबाईला तिचा धंदा आठवला. तिचा नवरा रंगनाथ गेल्यापासून शेळी पारखायचं काम तीच करत होती, आणि बाजारात भलेभले दलाल तिच्यापुढं शेळीचं वय सांगायला दातावर बोट ठेवायला बिचकायचे. टेम्पोतून उतरलेलं जनावर ती कधीच लगेच बघायची नाही. लांबून हादरत आलेल्या शेळीचा दम वाढलेला असतो, डोळे लाल, पोट आत. चांगली शेळी आजारी दिसते आणि आजारी शेळी नुसती दमलेली दिसते. तिला झाडाखाली बांधायचं, पाणी दाखवायचं, तासभर उभी राहू द्यायची. मग हात लावायचा. जे गिऱ्हाईक उतरता उतरता सौदा करतं त्याला ती मनातून हसायची. आणि स्वतःच्या सुनेचं रक्त तिनं शेळ्यांच्या टेम्पोत दीड तास घुसळलं होतं.

"महेंद्र," ती म्हणाली, "शेळ्या उतरीव."

"आई, बाजार…"

"बाजार दर सुक्करवारी भरतोय. उतरीव म्हनलं ना."

नगरच्या लॅबमध्ये अश्विनी खुर्चीत बसली. श्रीमंतनं रबर बांधलं, शीर बघितली आणि तिला बोलण्यात गुंतवत सुई कधी घातली ते कळलंच नाही. नळी भरली. त्यानं ती पाचदा खालीवर केली आणि स्टँडमध्ये उभी ठेवली. मग अर्धा तास घरची तिघं त्या नळीसमोर बसून होती. आक्काबाई आयुष्यात एवढी गुमान कशापुढं बसली नव्हती. यंत्रातून निघाली तेव्हा खाली गच्च गोठलेलं काळपट रक्त आणि वर पाणी. पिवळं. तेलासारखं नितळ.

"बघा," श्रीमंत म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली गेला. पाणी स्वच्छ निघालं ह्याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण कसा होणार.

आकडा आला अकराशे साठ.

त्यानंतर सगळं भराभर झालं. श्रीमंतनंच रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना गाठून दिलं. महेंद्रएवढ्याच वयाचा पोरगेला डॉक्टर, पण घाई नाही. त्यानं अश्विनीला एका यंत्रात घालून फोटो काढला. आधी शिरेतून साखर सोडली. जिथं ती साखर जास्त ओढली जाते तिथं फोटोत उजेड दिसतो म्हणाला. पोटाच्या आत, पाठीच्या कण्यापाशी, हाताला कधी लागल्या नसत्या अशा जागी गाठींचा घोस होता, आणि तो घोस त्या फोटोत यात्रेतल्या दिव्यांसारखा पेटलेला होता. गाठीचा तुकडा काढून तपासला. लिंफोमा. रक्ताच्या कॅन्सरातलाच एक.

महेंद्र बाहेर बाकावर जाऊन बसला तो उठेना. आत आक्काबाई एकटीच राहिली.

"डॉक्टर, मी दुसरीपातुर शिकलेले. मला समजंल असं सांगा. त्या आकड्याला कसं कळलं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, अंगातली प्रत्येक पेशी साखर जाळून जगते. घरात चूल असते तसं. ह्या आजाराच्या पेशी अधाशी असतात. त्या रात्रंदिवस चूल पेटती ठेवतात. मग त्या चुलीची राख रक्तात उतरते. आम्ही ती राख मोजतो."

आक्काबाईनं विचार केला. "म्हंजी घरात दोन मानसं आन् चुलीत राख पन्नास मानसांची. तर कुनीतरी लपून जेवतंय."

"अगदी तेच."

"आन् राख कमी झाली तर?"

"तर औषध लागू पडतंय. किती लवकर कमी होते त्यावरून पुढचा अंदाजही बांधता येतो. पण आजी, एवढ्या एका आकड्यावर मी शब्द देणार नाही. राख दुसऱ्या कारणांनीही वाढते. बाकीचंही बघावं लागतं."

हा डॉक्टर तिला त्याच क्षणी पटला. पहिल्या बघण्यातच जनावराची हमी देणाऱ्या माणसावर तिनं कधी भरवसा ठेवला नव्हता.

"आजून दोन म्हैने उशीर झाला असता तर?"

डॉक्टरांनी पेन परत उचललं. "बरं झालं, नाही झाला."

सहा खेपा औषध चढलं, तीन-तीन आठवड्यांनी. पहिल्या खेपेनंतर अश्विनीचे केस उशीवर राहायला लागले. चार वर्षांची सायली ते केस गोळा करून आईच्या डोक्यावर परत ठेवायची. आक्काबाईनं एक दिवस नातीला उचलून शेळ्यांकडं नेलं आणि त्यांच्यातली एक कात्रीनं लोकर भादरलेली मेंढी दाखवली. "ही बग, हिची लोकर परत येती का न्हाई? तशी तुझ्या आयची येनार." सायलीनं मान डोलावली.

घरी ती सुनेपुढं बसायची. खिचडी, अंड्याचं पांढरं, उकळून गार केलेलं पाणी, सगळं हातानं द्यायची. कामचुकार म्हटल्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. तिच्या तोंडाला ते वळण नव्हतं. पण एकदा अश्विनी उलटी करून भिंतीला टेकली, तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तू दिवाळीपासून आशा अंगानं माझ्या शेळ्यांचं शेण काढलंस व्हय गं?"

"काढलं, आत्या."

"बोलायचं ना, बये."

"बोलले असते तर ऐकलं असतं का तुम्ही?"

आक्काबाईनं उलटीचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "न्हाई," आणि पाठ चोळत राहिली.

दर खेपेला आकडा यायचा. श्रीमंत फोन करायचा आणि आक्काबाई उभ्यानं ऐकायची, बाजारात भाव ऐकते तशी. पहिल्या खेपेनंतर सहाशे दहा. दुसरीनंतर दोनशे नव्वद. तिसरीनंतर एकशे ब्याण्णव. त्या दिवशी तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंपुढं मेणबत्ती लावली आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मागायचं म्हणून नव्हतं. जे मिळालं होतं ते नजरेसमोर धरून नुसती उभी होती. शेवटच्या फोटोत पोटात कुठं उजेड नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी यायचं, दोन वर्षं तरी डोळ्यांत तेल घालून बघायचं. पण आज घरी जाऊन गोड करा.

ह्याला चार महिने झाले.

आज परत शुक्रवार. महेंद्रनं टेम्पो श्रीमंतच्या खोलीसमोर उभा केला. पुढच्या सीटवर अश्विनी, मांडीवर सायली. अश्विनीच्या डोक्यावर बोटभर कुरळे केस आले होते. आधीचे सरळ होते. आक्काबाई एकटी खाली उतरली. एका हातात दावं, दाव्याला सहा महिन्यांची पाठ, अजून न व्यालेली कोवळी शेळी. काळी, पांढऱ्या कानांची, तिच्या कळपातली सगळ्यात देखणी.

श्रीमंत दारात आला.

"हे काय, आक्का?"

"डोळं हायेत ना? शेळी हाय."

"मी कुठं बांधू? खोलीत फ्रिज आहे आणि मी आहे."

"घरी ने."

"घरी मी एकटाच, दिवसभर बाहेर. उपाशी मरेल बिचारी. नाही, आक्का. मी माझं काम केलं."

आक्काबाईनं दावं परत महेंद्रच्या हातात दिलं. ती हे धरूनच चालली होती. घेतली असती तर तिच्या नजरेतून हा माणूस जरा उतरला असता, आणि नाही घेतली म्हणून तिला रागही आला. ती आत गेली आणि त्या एकुलत्या खुर्चीत बसली.

"मग रक्त घे."

"कुणाचं?"

"माझं! ते डॉक्टर म्हनत हुते ना, बिनआजारी मानसांचं रक्त पायजे म्हनून. म्हनलं, कशाला? तर म्हनले, रक्तात आजून शेदोनशे बारीक जिनसा हायेत, त्या मोजून हा आजार लवकर वळखता येतो का, कुनाचा औषदाला दबतोय आन् कुनाचा उलटतोय ते आधी समजतं का, ते बगायचंय. आन् आजारी रक्त वळखायचं तर शेजारी धडधाकट ठेवायला लागतं." तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "हे मला सांगायला नको. रोगट शेळी नुसती बगून कळत न्हाई, चांगली शेजारी बांधली की कळती. तर चांगलं कसं आसतंय ते त्यांना दाव. सकाळपासून चहाचा घोट घेतला न्हाई, उपाशी पोटी लागतं म्हनले. डोकं ठनकतंय माझं. लवकर आवर."

"तुम्ही तर म्हणायचा, आजवर कुणाला रक्ताचा थेंब काढू दिला नाही."

"न्हाईच दिला. तू बोलत बसलास तर आजबी न्हाई देनार."

त्यानं कागदावर तिचं नाव-गाव लिहिलं. तिनं वाचून घेतलं नाही, पण सही मात्र स्वतः केली, एकेक अक्षर दाबून. मग हात पुढं केला. उन्हानं रापलेला, दाव्यांनी वळ पडलेला हात. कातडी सैल, खालची शीर दोरासारखी ठसठशीत. श्रीमंतनं रबर बांधलं. सुई जाताना ती दाराबाहेर बघत होती. टेम्पोच्या खिडकीतून सायली त्या शेळीच्या पांढऱ्या कानांना हात लावायला वाकली होती, आणि अश्विनीनं तिला एका हातानं कमरेला घट्ट धरलं होतं. त्या हाताला आता जोर होता, हे इथूनही दिसत होतं.

नळी भरली. श्रीमंतनं कापूस दाबला आणि नळी उचलली.

"येक," आक्काबाई मोजायला लागली. "दोन. तीन. चार. पाच. बास. ठेव उभी."

त्यानं ती स्टँडमध्ये उभी ठेवली.

"नगरला कोन नेनार?"

"मी स्वतः. मांडीवर."

"घाटात दमानं घे."

ती उठली. पदर सारखा केला, दंडावरचा कापूस दाबून धरला आणि दाराशी जाऊन थांबली. बाहेर बाजारासाठी निघालेले टेम्पो एकामागं एक चालले होते. आक्काबाई वळली.

"श्रीमंता."

"बोला, आक्का."

"तू लई हेकट मानूस हायेस. बोलन्याला गोडी न्हाई, दिलेलं घेत न्हाईस, आन् एकदा न्हाई म्हनलेलं तुला कळत न्हाई. मी समद्या बाजारात तसंच सांगितलंय, फुडंबी सांगनार." तिनं कापूस काढून बघितला. "आसाच हेकट म्हातारा हो."